ब्रेस्ट कॅन्सर झाला म्हणजे पूर्ण स्तन काढावाच लागतो का? समजून घ्या सोप्या भाषेत

आज मोबाईलचं फीचर नाही, विषय थोडा वेगळा आहे. मी जवळा बाजारचा. आमच्याकडे घरात कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी मोबाईलवाल्या पोरापोरींच्या हातात पडतो, "बघ रे गुगलवर, काय लिहिलंय." उद्या तो रिपोर्ट तुमच्या आईचा किंवा मावशीचा असू शकतो.

स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली की घरचे पहिलं हेच म्हणतात, "सगळंच काढून टाका, थोडं राहिलं तर पसरेल." पण आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर अनेक बायकांना दुसरा पर्याय असतो. त्याला ब्रेस्ट कन्झर्व्हिंग सर्जरी किंवा लम्पेक्टॉमी म्हणतात. यात गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा चांगला भाग काढतात, बाकी स्तन तसाच राहतो. काढलेल्या तुकड्याच्या कडा मायक्रोस्कोपखाली तपासतात. कडेला कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर पुन्हा थोडं काढावं लागतं. काखेतल्या गाठीही तपासतात.

मग "पसरेल" या भीतीचं काय? अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांनी 1,851 बायकांवर आणि इटलीत डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी 701 बायकांवर अभ्यास केला. दोघांचेही 20 वर्षांचे निकाल 2002 मध्ये आले. पूर्ण स्तन काढलेल्या आणि वाचवलेल्या बायकांच्या जगण्यात फरक पडला नाही!

आता खरी मेख. या ऑपरेशननंतर सहसा रेडिएशन घ्यावं लागतं, ज्याला लोक ‘लाईट देणे’ म्हणतात. फिशर यांच्या अभ्यासात रेडिएशन घेतलेल्यांपैकी सुमारे 14 टक्के बायकांना त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला, न घेतलेल्यांमध्ये 39 टक्के. म्हणजे रेडिएशन अर्धवट सोडून चालत नाही. आणि ते मशीन काही आपल्या गावात नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलसारख्या ठिकाणी जावं लागतं. सोमवार ते शुक्रवार, साधारण तीन आठवडे. सोयाबीन काढणीला आलेलं, घरी लहान लेकरं, तिकडे राहायचं कुठे? माझ्या मते खेड्यातल्या बाईचा स्तन कित्येकदा आजारामुळे नाही, या अडचणीमुळे जातो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच विचारा: रेडिएशन कुठे, किती दिवस, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का? काही जणींना एका आठवड्याचा, पाचच वेळा घ्यायचा कोर्सही चालतो, तेही विचारा. आणि हो, पूर्ण स्तन काढला तरी काहींना रेडिएशन लागतंच. केमोही ऑपरेशनवर नाही, आजाराच्या प्रकारावर आणि टप्प्यावर ठरते.

हा पर्याय सगळ्यांना नसतो. स्तनात वेगवेगळ्या जागी कॅन्सर असेल किंवा छातीवर आधी रेडिएशन झालं असेल तर बहुधा नाही म्हणतात. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करता येते का, हेही बघतात.

डॉक्टरांनी थेट पूर्ण काढायला सांगितलं आणि मनात शंका असेल तर दुसरं मत घ्या, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून मागता येतं. बायोप्सी, मॅमोग्राफी, सोनोग्राफीचे सगळे कागद सपाट ठेवून, उजेडात, एकेक पान नीट स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला धुरकट फोटो कुणालाच वाचता येत नाही.