परक्या दुव्यांचा उपद्रव आणि पेढीची पत

माळव्याच्या बाजारपेठांत हुंडीचा व्यवहार जोरात होता, त्या काळी ‘शहाजोग’ हुंडीची रक्कम प्रतिष्ठित सावकारालाच, म्हणजे ‘शहा’लाच मिळत असे, कारण हुंडी खोटी निघाल्यास पैसे परत करण्याइतकी त्याची पत असे. इंटरनेटवरील शोधयंत्रांचा न्याय याहून फारसा निराळा नाही. धार व देवास येथील आपले बंधू बागची ठसेछपाई विकोत, सोयाबीनचा व्यापार करोत, की पीथमपूरच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवोत. पेढीचे संकेतस्थळ ग्राहकाच्या दृष्टीस कितव्या स्थानी पडते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. यास्तव हा विषय समजावून घेणे अगत्याचे आहे.

दुसऱ्या संकेतस्थळावरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यास ‘बॅकलिंक’ म्हणतात. लॅरी पेज व सर्गी ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना अशा प्रत्येक दुव्यास शिफारस मानले व ज्याची स्वतःची पत मोठी त्याच्या शिफारशीस अधिक वजन दिले. याच तत्त्वावर १९९८ साली गूगल कंपनी उभी राहिली. साहजिकच खोट्या शिफारशींचा बाजारही उभा राहिला. जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसंस्थेच्या नावे असे विकतचे दुवे पसरल्याचे २०११ मध्ये वृत्तपत्राने उघड केले आणि तिचे स्थान एकाएकी घसरले. पुढे २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा अमलात आणून अशा संकेतस्थळांस खाली ढकलले.

तेव्हापासून व्यापाऱ्यांच्या मनात धास्ती बसली, की एखादा प्रतिस्पर्धी आपल्याकडे वाईट दुवे वळवून आपणांस बुडवील. तथापि २०१६ पासून गूगल असे दुवे बहुधा नुसते दुर्लक्षित करते. जुगाराच्या वा परदेशी भुरट्या पानांवर आपला पत्ता दिसला, एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. खरा धोका असतो तो आपण अथवा आपण नेमलेल्या मध्यस्थाने दुवे विकत घेतले असल्यास.

आता करावे काय? ‘सर्च कन्सोल’ हे गूगलचे विनामूल्य साधन उघडून ‘मॅन्युअल ॲक्शन’ या सदरात काही सूचना आली आहे काय, ते प्रथम पाहावे. सूचना नसेल व पूर्वी दुवे घेतलेले नसतील, तर काही न करणे हेच उत्तम. स्थान घसरण्याची कारणे अन्यत्र शोधावीत. सूचना आली असल्यास संशयित दुव्यांची यादी करून त्या त्या चालकांस ते काढण्याविषयी लिहावे. जे निघणार नाहीत, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०१२ पासून ‘डिसअवाऊ’, म्हणजे नाकबुलीचे साधन उपलब्ध आहे. साध्या मजकुराच्या फाइलीत प्रत्येक ओळीस एकच पत्ता लिहावा. संपूर्ण संकेतस्थळ नाकारावयाचे असल्यास आरंभी रोमन लिपीत ‘डोमेन’ हा शब्द व अपूर्णविराम द्यावा. नवी यादी चढविताच जुनी रद्द होते, हे ध्यानात ठेवावे. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. अखेरीस घडले ते सर्व प्रामाणिकपणे लिहून फेरविचाराचा अर्ज करावा.

हे औषध बेताने घ्यावयाचे आहे. चांगले दुवे यादीत गेल्यास आपलीच पत आपण आपल्या हाताने कमी करून घेतो. ‘तुमचे दुवे विषारी आहेत’ असे भय घालून सफाईचे पैसे मागणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या यंत्रांनी दिलेले विषाचे गुण हे गूगलचे नव्हेत. अशा वेळी नोटीस दाखवा, एवढेच त्यांस विचारावे.

नव्या पिढीच्या हाती पेढीचे संकेतस्थळ सोपविताना जुन्या खातेवहीइतकीच त्याचीही निगा राखण्यास सांगावे. ज्या कारखान्यास आपण माल देतो, ज्या संस्थेचे आपण सभासद आहोत, त्यांनी आपण होऊन दिलेले चार दुवे हजार विकतच्या दुव्यांपेक्षा अधिक टिकतात.