ते आठ गुण गेले कुठे?

बदलापूर लोकलमध्ये बसायची जागा मिळणं ही कमाईच. अंबरनाथहून उलटं बदलापूरला येऊन काही जण 'रिटर्न' बसून जातात, आणि फलाटावर ताटकळलेले बदलापूरकर चिडतात. पण हे भांडण समोरासमोरचं असतं. कुणी बसलं आणि कुणाला उभं राहावं लागलं, हे सगळ्या डब्याला दिसतं.

त्याच डब्यात दाराशी उभा एक कॉलेजचा मुलगा मोबाइलवर तीन मिनिटांचा बुद्धिबळाचा डाव खेळतोय. विठ्ठलवाडी यायच्या आत तो हरतो. नावापुढचा आकडा १४१२ वरून १४०४ वर येतो. ते आठ गुण गेले कुठे?

समोरच्या खेळाडूकडे. तो पेरूत असेल, पोलंडात असेल, दोघं आयुष्यात कधी भेटणार नाहीत. तरी त्यांच्यात आत्ता एक देवघेव झाली.

या हिशेबाचं मूळ आर्पाड एलो या प्राध्यापकांकडे जातं. जन्म हंगेरीतला, शिकवायचे अमेरिकेत, मिलवॉकीला, भौतिकशास्त्र. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांची पद्धत १९७० मध्ये स्वीकारली. तिची गंमत अशी की १४१२ या आकड्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. अर्थ आहे तो दोन आकड्यांमधल्या फरकाला, कारण तो फरक म्हणजे भाकीत असतं. फरक शून्य असेल तर डावांतले निम्मे गुण तुमचे. तुम्ही २०० ने वर असाल तर शंभरातले साधारण ७६ तुम्हाला मिळावेत, ४०० ने वर असाल तर ९१. भाकितापेक्षा सरस खेळलात की आकडा चढतो, कमी पडलात की उतरतो. आज अनेक ऑनलाइन खेळांच्या क्रमवारीत याच विचाराचं बीज आहे.

आता समजा, त्या समोरच्याने शेजारच्या स्क्रीनवर बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे अचूक खेळी सुचवणारं सॉफ्टवेअर, उघडून ठेवलं होतं. आपल्या मुलाचे आठ गुण नाहक गेले. तो आहे तेवढाच तयार, आकडा मात्र कमी सांगतोय. उद्या त्याची गाठ उल्हासनगरच्या कुणाशी पडेल. तो माणूस या मुलाला बरोबरीचा समजून खेळेल, हरेल, आणि हरायला हवे होते त्याहून जास्त गुण गमावेल. मग त्याच्याशी खेळणारा तिसरा. एक खोटं असं माणसामाणसांतून सरकत जातं. मला वाटतं, ही चोरी म्हणूनच जास्त वाईट, कारण ज्याचं गेलं त्याला आपलं काही गेलंय याचा पत्ताच नसतो.

आणि ही पकडतात कशी? साध्या मोबाइलवरचं इंजिन आज जगज्जेत्यालाही हरवतं. मग एखादी अफाट खेळी दिसली तरी ती कुणाची? एका खेळीवरून ते कळतच नाही. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक केनेथ रेगन, जे स्वतः इंटरनॅशनल मास्टर आहेत, दुसऱ्या बाजूने विचार करतात. या दर्जाचा माणूस अशा स्थितींमध्ये इंजिनाची पहिल्या पसंतीची खेळी किती वेळा शोधेल, आणि चुकला तर कितपत चुकेल, याचा अंदाज ते आधी मांडतात. अनेक डावांत प्रत्यक्ष खेळ त्या अंदाजापासून फार दूर गेला की संशय घट्ट होतो. वेळही बोलते. मारलेल्या मोहऱ्याला लगेच परत मारायला माणसाला एक सेकंद पुरतो, अवघड जागी तो मिनिटभर अडतो. दोन्हींना सारखेच सहा सेकंद लागू लागले की काहीतरी बिनसलंय. म्हणजे लबाडी पकडणारं यंत्र शोधत असतं ते आपलं अडखळणं!

गोळीबाराच्या खेळांत चोरवाट निराळी. भिंतीआडचा शत्रू बाहेर पडताच विनाअडथळा दिसावा, म्हणून त्याची जागा बऱ्याचदा तुमच्या फोनला आधीच कळवलेली असते. चोर सॉफ्टवेअर तीच वाचतं, आणि भिंत पारदर्शक होते.

कुणीच लबाडी केली नाही तरी न्याय सोपा नसतो. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडची अंतिम लढत भारत आणि रशियात झाली. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. संघात गोव्याची भक्ती कुलकर्णी आणि नागपूरची १४ वर्षांची दिव्या देशमुख. खेळाडूंवर कॅमेऱ्यांची नजर होती. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत जगभर अनेक ठिकाणी इंटरनेट कोलमडलं, भारताचे निहाल सरीन आणि दिव्या यांचा संपर्क तुटला आणि वेळ संपून त्यांचे डाव गेले. भारताने दाद मागितली. महासंघाचे अध्यक्ष आर्काडी द्वोर्कोविच यांनी सुवर्णपदक दोन्ही देशांना दिलं. माझ्या मते तोच निकाल योग्य होता.

दाराशी उभ्या मुलाचं काय? फसवणूक सिद्ध होऊन खातं बंद झालं की बुद्धिबळाची मोठी संकेतस्थळं त्या खात्याशी हरलेल्यांचे गुण परत करतात. एखाद्या सकाळी त्याच्या मोबाइलवर तसा निरोप येतो. त्याच्याशी हरलेल्या उल्हासनगरच्या माणसाला मात्र काहीच कळवलं जात नाही.