माजी सैनिकाच्या उंबरठ्यावर दवाखाना: घरपोच प्राथमिक उपचारांची गरज आणि रचना

१९७१च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास पोहोचला आहे. १९६२ची हिमालयातील आघाडी पाहिलेले जे सैनिक हयात आहेत, त्यांनी ऐंशी केव्हाच ओलांडली. या पिढीपुढे आता उभा राहिलेला प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर सोपे नाही. अंथरुणावरून उठून दवाखान्यापर्यंत जाणेच ज्याला शक्य नाही, त्या रुग्णावर नियमित उपचार कोणी आणि कसे करायचे? आजार बळावल्यावर रुग्णवाहिका येते आणि रुग्णालयात खाटही मिळते. मात्र आजार बळावू नये म्हणून दर महिन्याला जी देखरेख लागते, ती घरापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था आपल्याकडे अद्याप नीट उभी राहिलेली नाही.

योजना आहे, पण ती इमारतीत आहे

निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांसाठी केंद्र सरकारने १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू केली. ईसीएचएस या लघुनामानेच ती सर्वत्र ओळखली जाते. तिची रचना तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी पॉलिक्लिनिकची. तेथे वैद्यकीय अधिकारी तपासतो, औषधे देतो आणि गरज भासल्यास संदर्भपत्र लिहितो. दुसरी पायरी लष्करी रुग्णालयांची आणि तिसरी योजनेच्या यादीतील खासगी रुग्णालयांची. देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके आहेत. लष्करी तळांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांतील माजी सैनिकांना या योजनेने मोठा आधार दिला, हे निर्विवाद आहे.

तथापि, या तिन्ही पायऱ्यांवर एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे रुग्ण स्वतः येईल. पक्षाघाताने अर्धे अंग गेलेला सुभेदार, स्मृतिभ्रंशामुळे घराबाहेर पडताच गोंधळणारा हवालदार, खुब्याचे हाड मोडल्यापासून खाटेला खिळलेली वीरपत्नी ही माणसे या गृहीतकात बसत नाहीत. मग मुलगा किंवा नातू त्यांचे कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकमध्ये जातो आणि जुन्याच गोळ्या घेऊन परततो. डॉक्टरांनी रुग्णाला अनेक महिने पाहिलेलेही नसते.

उज्जैनचे अंतर

मध्य प्रदेशातील उज्जैन हे शहर या प्रश्नाकडे पाहण्यासाठी योग्य ठिकाण आहे. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला हलण्यापूर्वी येथे होती. बायजाबाई शिंदे यांनी बांधलेले गोपाळ मंदिर आजही जुन्या शहराच्या मध्यभागी उभे आहे. मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या येथे राहतात. पण आज उज्जैन ही छावणी नाही. लष्करी रुग्णालय महू येथे, म्हणजे सध्याच्या डॉ. आंबेडकर नगरात आहे. उज्जैनहून इंदूर सुमारे ५५ किलोमीटर आणि तेथून महू आणखी वीस-पंचवीस किलोमीटर. धडधाकट माणसासाठी ही दोन-अडीच तासांची वाट. मूत्रमार्गात नळी घातलेल्या किंवा दम लागणाऱ्या वृद्धासाठी मात्र जाऊन-येऊन ती एका दिवसाची शिक्षाच ठरते.

शहराचे स्वतःचे वेळापत्रकही आहे. श्रावण-भाद्रपदात महाकालाची सवारी निघते तेव्हा जुन्या शहरातील रस्त्यांवर वाहनांना मज्जाव असतो. २०२८चा सिंहस्थ आला की हे निर्बंध कैक पटींनी वाढतील. माळव्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. हृदयविकारासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाच्या शरीरातील पाणी अशा दिवसांत झपाट्याने कमी होते. घरपोच सेवेचा प्रमुख डॉक्टर या गोष्टी वैद्यकीय नोंदींइतक्याच गांभीर्याने लक्षात ठेवतो. सवारीच्या सोमवारी जुन्या शहरातील भेटी ठेवायच्या नाहीत, वैशाखापूर्वी प्रत्येकाच्या गोळ्यांची मात्रा पुन्हा तपासायची, अरुंद बोळातील घरापर्यंत स्ट्रेचर जाते का हे आधीच पाहून ठेवायचे. अशा सेवेत रस्त्याची माहिती हा उपचाराचाच भाग असतो.

‘डॉक्टरची फेरी’ आणि घरपोच प्राथमिक उपचार

पूर्वी कुटुंबाचा डॉक्टर बॅग घेऊन घरी येत असे. घरपोच प्राथमिक उपचार हे त्या परंपरेचे नुसते पुनरुज्जीवन नव्हे. ती फेरी बोलावल्यावर होत असे, तर या पद्धतीत बोलावण्याची वाट पाहिली जात नाही. डॉक्टर ठरावीक रुग्णांची जबाबदारी घेतो आणि त्यांच्यासाठी परिचारिका, औषधतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ व समाजकार्यकर्ता यांचे पथक चालवतो. प्रत्येक घरी दर वेळी डॉक्टरच जातो असे नाही. कोणाकडे कोणी, किती दिवसांनी जायचे, हे ठरवणे हेच त्याचे मुख्य काम.

पहिली पायरी निवडीची. प्रत्येक वृद्धाला या सेवेची गरज नसते. ज्याला एकाच वेळी अनेक दीर्घ आजार आहेत, जो वारंवार रुग्णालयात दाखल होतो आणि ज्याला दवाखान्यात नेण्यातच अपाय आहे, त्याला प्राधान्य द्यावे लागते. निवड सैल झाली तर पथक किरकोळ तक्रारींत अडकते आणि खरा गरजू मागे राहतो.

पहिल्या भेटीत डॉक्टर रुग्णाइतकेच घर तपासतो. सर्वांत आधी औषधांची पिशवी रिकामी केली जाते. तीन डॉक्टरांनी लिहिलेल्या, दोन वेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या एकाच औषधाच्या गोळ्या रुग्ण एकत्र घेत असल्याचे अनेकदा येथेच उघड होते. त्यानंतर खाटेपासून शौचालयापर्यंतची वाट, रात्रीचा उजेड, उंबरठ्याची उंची, ओली फरशी आणि पायातील चप्पल पाहिली जाते. म्हातारपणी पडणे हा अपघात वाटतो, पण त्याची कारणे बहुधा घरातच दिसतात. इन्सुलिन कोण टोचते आणि तिची बाटली कोठे ठेवलेली असते, हेही विचारले जाते. दवाखान्यातील टेबलापलीकडून यांपैकी काहीही दिसत नाही.

त्यानंतरची देखरेख बारीक खुणांवर चालते. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाचे वजन काही दिवसांतच दोन किलोंनी वाढले, तर ती सहसा चरबी नसते, अंगात साठलेले पाणी असते. घरच्यांनी ते वजन लिहून ठेवले आणि परिचारिकेला त्याच दिवशी कळवले, तर गोळीची मात्रा बदलून भागते. आठवडाभर दुर्लक्ष झाले तर मध्यरात्री रुग्णवाहिका बोलवावी लागते. खाटेवरील रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली तर शय्याव्रण टळू शकतात. एकदा ते खोलवर गेले की महिनोन्महिने भरत नाहीत. हे काम सून, मुलगी किंवा वृद्ध पत्नी करते. त्यामुळे तिची झोप, तिची पाठ आणि तिचा रक्तदाब यांचीही विचारपूस चांगला डॉक्टर करतो, कारण ती कोलमडली तर सारी व्यवस्थाच कोलमडते.

माजी सैनिकाबाबत आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. तोफा-बंदुकांच्या आवाजाने अधू झालेल्या कानांमुळे सूचना अर्धवट ऐकल्या जातात आणि तो विसराळूपणा समजला जातो. जुन्या जखमा, गमावलेले अवयव, बर्फाने बाधित झालेली बोटे उतारवयात पुन्हा त्रास देऊ लागतात. युद्धाच्या आठवणी कधी निद्रानाशाच्या, तर कधी अतिमद्यपानाच्या रूपाने बाहेर येतात. त्रास बोलून न दाखवण्याची सवय तर अनेकांच्या अंगी मुरलेली असते. म्हणून ‘कसे आहात’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबून चालत नाही. चालून दाखवायला सांगावे लागते.

अमेरिकेतील अनुभव

ही पद्धत सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने राबवली. १९७०च्या दशकाच्या आरंभी मोजक्या रुग्णालयांतून तिची सुरुवात झाली आणि पुढे ती देशभर पसरली. तेथे डॉक्टर पथकाचा वैद्यकीय प्रमुख असतो. पथक नियमितपणे एकत्र बसून प्रत्येक रुग्णाची उपचारयोजना तपासते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या सेवेतील रुग्णांवरील एकूण सरकारी खर्च अंदाजापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळला, तर रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटलेले दिसले. घरी जाण्याचा खर्च वाढतो, पण टळलेल्या दाखल्यांतून तो भरून निघतो, असा याचा अर्थ. अमेरिकेची अंतरे, वेतने आणि विमा व्यवस्था वेगळी असल्याने हे आकडे जसेच्या तसे भारताला लागू करता येणार नाहीत. मात्र त्यांमागचे तत्त्व सरहद्द ओलांडू शकते.

पैसा खाटेच्या मागे जातो

भारतातील अडचण केवळ डॉक्टरांच्या संख्येची नाही. आपल्याकडे आरोग्यावरील विम्याचा व योजनांचा पैसा प्रामुख्याने रुग्णालयाच्या खाटेच्या मागे जातो. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षांवरील सर्वांना खुली झाली. ईसीएचएसच्या लाभार्थ्यांना दोहोंपैकी एक निवडता येते. पण आयुष्मानचे संरक्षणही रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने कायम मदतनिसासाठी भत्ता मिळतो. त्यातून हात धरणारा माणूस ठेवता येतो, औषधाची मात्रा ठरवणारा नव्हे.

दूरसंवादाने काही अंतर कमी झाले आहे. मे २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘सेहत’ ही दूरवैद्यकीय बाह्यरुग्णसेवा सुरू केली. सेवेतील व निवृत्त सैनिक तिचा लाभ घेऊ शकतात. तिचा उपयोग मोठा आहे, पण पडद्यावरून पाठीवरचा व्रण दाबून पाहता येत नाही. शिवाय मार्च २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अंमली द्रव्यांच्या कायद्याखाली येणारी औषधे दूरसंवादातून लिहून देता येत नाहीत. कर्करोगाच्या अंतिम टप्प्यातील तीव्र वेदनेवर लागणारे मॉर्फिन त्यांतच येते. ज्याला वेदना सर्वाधिक, त्याच्यासाठी पडद्यावरचा डॉक्टर अपुरा पडतो.

अखेरचा निर्णय कोठे घ्यायचा

घरी जाणाऱ्या डॉक्टरवर आणखी एक अवघड जबाबदारी असते. पुढे काय होणार आणि शेवटचे दिवस कोठे घालवायचे, हे रुग्ण शुद्धीत असताना विचारणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. आता दोन साक्षीदारांसमोर आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करता येते. गोमंतकीयांना हा विषय नवा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ मध्ये असे इच्छापत्र नोंदवले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. पण इच्छापत्राला अर्थ येतो तो ते वाचून त्याप्रमाणे घरी वेदनाशमन करणारा डॉक्टर असेल तरच. एरवी घाबरलेले कुटुंब शेवटच्या रात्री अतिदक्षता विभागाचाच दरवाजा ठोठावते. घरी मृत्यू झाल्यावर त्याच्या कारणाचा दाखला देण्याचे कामही अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरकडेच येते. तो डॉक्टरच नसेल तर शोकाकुल घराला दारोदार फिरावे लागते.

केरळचा धडा आणि गोव्यापुढचा प्रश्न

घरापर्यंत उपचार नेणे भारतात अशक्य नाही, हे केरळने दाखवले आहे. १९९३ मध्ये कोझिकोड येथे सुरू झालेल्या वेदनाशमन चळवळीतून पुढे राज्याने २००८ मध्ये स्वतंत्र धोरण स्वीकारले. प्रशिक्षित परिचारिका आणि स्वयंसेवक पंचायतींच्या मदतीने खाटेवरील रुग्णांच्या घरी जातात. ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही अंथरुणाला खिळलेल्यांच्या गृहभेटींची तरतूद आहे. म्हणजे तत्त्व मान्य आहे, उणीव आहे ती जबाबदार पथकाची.

२०११च्या जनगणनेत गोव्यातील साठीपुढील लोकसंख्या ११ टक्क्यांहून अधिक होती, देशाची सरासरी ८.६ टक्के असताना. राज्यात वास्कोला आयएनएचएस जीवंती हे नौदलाचे रुग्णालय आहे, परंतु काणकोणहून वास्को सुमारे ७० किलोमीटर आहे. उज्जैन ते महू हे अंतर याहून फारसे वेगळे नाही. सत्तरीतील डोंगराळ वाड्यांवरून येणाऱ्याची वाट आणखी बिकट. त्यामुळे उज्जैनचा प्रश्न गोव्याला परका नाही.

माजी सैनिकांच्या बाबतीत अशी सेवा सुरू करणे इतरांपेक्षा सोपेही आहे. त्यांची नोंद आहे, कार्ड आहे, वैद्यकीय इतिहास आहे, पॉलिक्लिनिक आहे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही आहे. प्रत्येक पॉलिक्लिनिकने घराबाहेर न पडू शकणाऱ्या लाभार्थ्यांची यादी करावी, एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आठवड्यातील ठरावीक दिवस गृहभेटींसाठी मोकळे करावे, त्याच्या सोबतीला परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ व वाहन द्यावे आणि त्या भेटीची नोंद बाह्यरुग्ण तपासणीइतकीच ग्राह्य धरावी. नवी इमारत लागणार नाही. कोण आजारी आहे हे तो दारात येण्याआधी जाणून घेण्याची तयारी मात्र लागेल.