आधी ओहम, मग वॉट

गणेशोत्सव जवळ आला की सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या मंडळांत वर्गणीपाठोपाठ साऊंडचा विषय निघतो. पहिला प्रश्न ठरलेला: ‘ॲम्प किती वॉटचा आणायचा?’ पण वॉटचा नंबर दुसरा. सुरुवात करायची ती स्पीकरच्या पाठीवरच्या पट्टीपासून.

पॅसिव्ह स्पीकरच्या बॉक्समध्ये ॲम्प्लिफायर नसतो. सगळी ताकद बाहेरच्या ॲम्पकडून यायची, म्हणून दोघांचं जुळायला हवं. समजा पट्टीवर लिहिलंय : 8 ओहम, 300 वॉट आरएमएस, 1200 वॉट पीक. यातला 1200 चा आकडा विसरा. तो क्षणभराच्या दणक्याचा. बॉक्स सतत पेलतो ते 300 वॉट.

आता ओहम. चॅनेलला एकच बॉक्स लावला तर भार 8 ओहम. त्याच बॉक्समधून पुढच्या बॉक्सला वायर काढली की जोडणी पॅरलल होते आणि भार निम्मा, म्हणजे 4 ओहम. चार बॉक्स लावले तर 2. ओहम कमी झाले की ॲम्पमधून करंट जास्त ओढला जातो. ॲम्पवर ‘किमान 4 ओहम’ लिहिलं असेल, तर चॅनेलमागे असे दोनच बॉक्स. तिसरा लावायचा नाही. नाहीतर ॲम्प तापतो, प्रोटेक्टचा दिवा लागतो, किंवा आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडतात. ब्रिज मोडमध्ये, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच भार चालवतात तेव्हा, प्रत्येक चॅनेलला भार निम्माच दिसतो, तेव्हा तिथे 8 ओहमच्या खाली जाऊ नये. पट्टी पुसली गेली असेल तर मल्टीमीटर लावा. 8 ओहमचा बॉक्स साधारण 6 दाखवतो, तो बिघाड नव्हे.

मग वॉट. ॲम्पची ताकद बॉक्सच्या आरएमएसच्या दीड ते दोन पट असावी, आणि तीही त्याच ओहमला. आपल्या दोन बॉक्सचे मिळून 600 वॉट. म्हणजे 4 ओहमला चॅनेलमागे 900 ते 1200 वॉटचा ॲम्प. दुप्पट कशाला? ढोलकीची थाप अचानक उसळते, तिला जागा लागते. लहान ॲम्प ताणला की लहरीचे शेंडे कापले जातात, आवाज फाटतो, आणि ट्विटरची कॉईल जळते. मोठा ॲम्प आणला म्हणून तो सतत पूर्ण चालवायचा मात्र नाही.

मंडपातल्या जुन्या ॲम्पवर 100 व्होल्टचे टर्मिनल असतात. ते लाइन ट्रान्सफॉर्मर असलेल्या भोंग्यांसाठी. 8 ओहमचा साधा बॉक्स तिथे जोडू नये.

मिक्सरचं काम सोपं. मेन आउटमधून ॲम्पच्या लाइन इनपुटला बॅलन्स्ड एक्सएलआर वायर न्यायची. मिक्सरच्या पोटातच ॲम्प असेल, तर त्याचं स्पीकर आउटपुट दुसऱ्या ॲम्पच्या इनपुटला कधीही द्यायचं नाही. लेव्हल लावताना ॲम्पचे नॉब शून्यावर ठेवा. आरती म्हणणाऱ्याला खऱ्या आवाजात म्हणायला लावा, मिक्सरचा मीटर शून्याच्या आसपास आणा, मगच ॲम्पचे नॉब हळूहळू चढवा. ॲम्पचा लाल क्लिप दिवा लागला की मागे या. नॉब कमी केल्याने ॲम्पची ताकद घटत नाही; किती सिग्नल आत घ्यायचा एवढंच तो ठरवतो.

बॉक्सला माइकची बारीक वायर नको. 20 मीटरसाठी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या; जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे 0.3 ओहम भरतो. वायर याहून बारीक असेल, तर ताकद वाटेतच जिरते.

आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून. तेव्हा पैसे वॉटवर उधळण्यापेक्षा चांगल्या वायरवर घाला. सुरू करताना मिक्सर आधी, ॲम्प शेवटी. बंद करताना ॲम्प आधी. एवढं पाळलंत तर विसर्जनापर्यंत बॉक्स शाबूत राहतील.