उपग्रहांची ज्वालामुखीवरील टेहळणी

इंडोनेशियातील जावा बेटाच्या मध्यभागी मेरापी नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या पायथ्याशी दाट वस्ती आहे आणि दक्षिणेस सुमारे 30 किलोमीटरांवर योग्यकर्ता हे मोठे शहर आहे. राखेने जमीन सुपीक होते, म्हणून शेतकरी उतारावर पुष्कळ वरपर्यंत जाऊन वसले आहेत. मेरापीची एक ठरलेली रीत या लोकांच्या अंगवळणी पडली होती. दर काही वर्षांनी शिखरावर चिकट लाव्ह्याचा घुमट हळूहळू वाढावयाचा, त्याची एखादी कड ढासळावयाची, आणि तप्त राख, दगड व वायू यांचा लोट दरीतून खाली धावावयाचा. बहुतेक वेळा हा लोट काही किलोमीटर जाऊन थांबे. 2010 साली मात्र ही रीत मोडली.

त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून डोंगराखाली लहानलहान भूकंपांची संख्या वाढू लागली. शिखराजवळ बसविलेल्या परावर्तकांवर प्रकाशाचा झोत टाकून पायथ्याच्या ठाण्यापासूनचे अंतर नित्य मोजले जाई. ऑक्टोबरच्या अखेरीस हे अंतर दिवसाला सुमारे अर्ध्या मीटरने घटू लागले. याचा अर्थ, आतून वर सरकणारा शिलारस डोंगराची कूसच बाहेर ढकलीत होता. 25 ऑक्टोबरला सर्वोच्च इशारा देण्यात आला आणि 10 किलोमीटरांच्या आतील वस्ती हलविण्याचा हुकूम निघाला. दुसऱ्याच दिवशी सायंकाळी पहिला स्फोट झाला. गाव सोडण्यास नकार देणारे कित्येक लोक त्यात दगावले. डोंगराचे परंपरागत राखणदार म्हणून मान असलेले वृद्ध म्बाह मारिजान हेही त्यांच्यात होते.

आता पुढे काय? स्फोट झाला म्हणजे संकट टळले, असे समजावयाचे की मोठे संकट अद्याप यावयाचेच आहे? या प्रश्नाचे उत्तर शिखरावर होते. पण शिखर ढग, वाफ आणि राख यांनी झाकून गेले होते. तेथे माणूस जाणे शक्य नव्हते आणि विमानातूनही काही दिसण्याजोगे नव्हते.

अशा वेळी रडारवाही कृत्रिम उपग्रह कामास येतो. साधा कॅमेरा सूर्याच्या उजेडावर अवलंबून असतो. रडार स्वतःच सूक्ष्मतरंग सोडते आणि जमिनीवरून परतणारा प्रतिध्वनी टिपते. त्याला रात्र आणि दिवस सारखेच. या तरंगांची लांबी काही सेंटीमीटर असते, तर ढगांतील जलबिंदू त्या मानाने फारच सूक्ष्म. त्यामुळे ढग त्यांना अडवू शकत नाहीत. गुळगुळीत पृष्ठभाग तरंगांना आरशाप्रमाणे दुसरीकडे परावर्तित करतो, म्हणून तो चित्रात काळा दिसतो. ताज्या लाव्ह्याचा खडबडीत ढीग मात्र त्यांना सर्व दिशांना विखुरतो व म्हणून उजळ दिसतो. दोन दिवसांची चित्रे शेजारी ठेवली म्हणजे तो ढीग किती वाढला याचा अंदाज करता येतो.

रडारची याहूनही सूक्ष्म अशी एक करामत आहे. उपग्रह काही दिवसांनी जवळजवळ त्याच जागेवरून पुन्हा जातो. दोन्ही वेळच्या प्रतिध्वनीतील तरंगांची स्थिती ताडून पाहिली, तर जमीन मधल्या काळात किती हलली हे कळते. तरंग जाऊन परत येतो. म्हणून जमीन तरंगलांबीच्या निम्म्याने सरकली की एक पूर्ण आवर्तन भरते आणि नकाशावर रंगांचा एक पट्टा उमटतो. 5.6 सेंटीमीटर लांबीचा तरंग घेतला, तर प्रत्येक पट्टा 2.8 सेंटीमीटर हालचालीचा. फ्रेंच संशोधक दिदिये मासोने व त्यांचे सहकारी यांनी ईआरएस-1 या युरोपीय उपग्रहाच्या चित्रांवरून सिसिलीतील एटना पर्वत अशा रीतीने मोजला. उद्रेक चालू असता लाव्हा बाहेर पडला, तसा तो अजस्र पर्वत सुमारे 11 सेंटीमीटर खाली बसला, हे त्यांनी 1995 साली दाखवून दिले. शेकडो किलोमीटर उंचीवरून मोजलेली ही वीतभरदेखील नसलेली हालचाल! येथे एक सावधगिरी मात्र हवी. हवेतील बाष्पामुळेही तरंग किंचित रेंगाळतात आणि न फुगलेला डोंगर फुगल्यासारखा भासतो. शिवाय जेथे दाट झाडी आहे, किंवा जेथे पृष्ठभागच रोज बदलतो, तेथे दोन चित्रांचा मेळ बसत नाही. मेरापीच्या शिखरावर म्हणूनच पहिली, साधी रीत अधिक उपयोगी पडली.

उष्णता आणि वायू हीही ज्वालामुखीची दोन लक्षणे उपग्रहास दिसतात. तप्त लाव्हा अवरक्त किरण फेकतो, आणि किलोमीटरभर जागेत त्याचा लहानसा तुकडा असला तरी तो योग्य तरंगलांबीत चमकून उठतो. वायूची गोष्ट अधिक मनोरंजक आहे, कारण तो शोध अनपेक्षितपणे लागला. 1978 साली सोडलेल्या निंबस-7 या अमेरिकन उपग्रहावर ओझोन मोजण्याचे एक उपकरण होते. 1982 साली मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा त्या उपकरणाने ओझोनचे अविश्वसनीय आकडे दिले. एखाद्याने ते चूक म्हणून टाकून दिले असते. आर्लिन क्रुगर या शास्त्रज्ञाने ते टाकले नाहीत. सल्फर डाय-ऑक्साइड हा वायूही त्याच जंबुपार किरणांना शोषतो, हे त्यांनी ओळखले. ज्याला ओझोन म्हटले जात होते, तो ज्वालामुखीचा श्वास होता!

मेरापीकडे परत वळू. 26 ऑक्टोबरनंतर निरनिराळ्या देशांच्या उपग्रहांनी घेतलेली रडारचित्रे तातडीने मागविण्यात आली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील जॉन पॅलिस्टर यांच्यासारखे तज्ज्ञ ती पाहून इंडोनेशियाच्या ज्वालामुखी-केंद्राचे प्रमुख सुरोनो यांना निष्कर्ष कळवीत होते. नोव्हेंबरच्या आरंभी चित्रांत नवा घुमट दिसला, आणि त्याची वाढ पाहून सारेच चकित झाले. दर सेकंदास 25 घनमीटरांहून अधिक लाव्हा वर येत होता. म्हणजे पाण्याचे मोठे अडीच टँकर दर सेकंदाला रिते व्हावेत, तसे. 4 नोव्हेंबरपर्यंत सुमारे 50 लाख घनमीटरांचा ढीग शिखरावर जमला. इतक्या वेगाने येणाऱ्या शिलारसातील वायूंना निसटून जाण्यास अवसर मिळत नाही. ते आतच कोंडले जातात. भूकंपमापकांवरील नोंदीही हेच सांगत होत्या.

सुरोनो यांनी धोक्याची हद्द 3 नोव्हेंबरला 15 किलोमीटरांवर नेली, आणि 4 व 5 नोव्हेंबरच्या मधल्या रात्री ती 20 किलोमीटर केली. असा निर्णय सोपा नसतो. गुरेढोरे, उभी पिके, घरदार सोडून लाखो लोकांनी निघावे आणि मग काहीच घडू नये, तर पुढच्या इशाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? त्याच मध्यरात्रीनंतर मेरापीचा 1872 नंतरचा सर्वांत मोठा उद्रेक झाला. तप्त लोट गेंडोल नदीच्या दरीने सुमारे 16 किलोमीटरपर्यंत खाली आला. या साऱ्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे 4 लाख लोकांना हलविण्यात आले होते. वेळेवर दिलेल्या इशाऱ्यांमुळे 10 ते 20 हजार प्राण वाचले, असा अंदाज संशोधकांनी मागाहून केला.

म्हणून उपग्रह सर्वज्ञ आहे असे मात्र नव्हे. 27 सप्टेंबर 2014 रोजी जपानमधील ओंताके पर्वतावर केवळ वाफेच्या दाबाने स्फोट झाला. आधी जाणवण्याजोगी लक्षणे इतकी पुसट होती, की गिर्यारोहकांना परत बोलावण्यात आले नव्हते. 63 जण मृत वा बेपत्ता झाले. उपग्रह ठरावीक दिवसांनीच माथ्यावरून जातो, आणि काही घटनांना तेवढीही उसंत नसते. जमिनीवरील भूकंपमापकाची जागा त्याने घेतलेली नाही.

परंतु जेथे असे उपकरण सांभाळावयास माणूसच राहत नाही, तेथे आकाशातील नजरेचे मोल वाढते. भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी, बॅरन बेट, असाच आहे. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे 138 किलोमीटरांवरील या निर्जन बेटाच्या उद्रेकाची नोंद प्रथम 1787 साली झाली. पुढे दीर्घकाळ निद्रिस्त राहून 1991 मध्ये तो पुन्हा जागा झाला. त्याच्या लाव्ह्याची उष्णता उपग्रहांनी अनेकदा टिपली आहे. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह दोन निरनिराळ्या तरंगलांबींची रडारे घेऊन गेला. त्यांतील लांब तरंग सुमारे 24 सेंटीमीटरांचा असून तो झाडीतूनही बराचसा पार जातो. आणि त्याच जागेवर परत येण्यास या उपग्रहास 12 दिवस लागतात.