एका फाइलीतील दप्तर आणि दूरचे कोठार

शाळेचे पटनोंदणी पुस्तक किंवा ग्रंथालयाची देवघेव वही संगणकावर आणताना पुष्कळदा एसक्यूलाइट ही डेटाबेस-पद्धती कामी येते. रिचर्ड हिप यांनी २००० साली सिद्ध केलेल्या या पद्धतीत सर्व तक्ते व नोंदी एकाच फाइलीत साठविल्या जातात. साहजिकच, ही फाइल क्लाउडच्या सामाईक फोल्डरात ठेवावी, म्हणजे मुख्य शाळा आणि वाडीवरील शाखा या दोहोंकडून नोंदी करता येतील, असा विचार सुचतो. तो सोयीचा वाटला तरी घातक आहे. (क्लाउड म्हणजे परक्याच्या इमारतीतील संगणकच होत, ढगांशी त्यांचा संबंध नाही.)

नोंद लिहिताना डेटाबेस फाइलीला कुलूप लावतो, जेणेकरून दुसरा कोणी त्याच वेळी लिहू नये. परंतु हे कुलूप त्या एका संगणकापुरतेच असते. सामाईक फोल्डराची सेवा फाइलीच्या प्रती इकडून तिकडे नेते. आतील नोंदी तिला वाचता येत नाहीत. दोन ठिकाणी एकाच वेळी लेखन झाले, तर दोन भिन्न प्रती तयार होतात आणि त्यांतील एकच चालू राहते. दुसरीतील मुलांचे दाखले कोणतीही सूचना न मिळता दप्तराबाहेर पडतात. हे ध्यानी येते ते बहुधा दाखला मागावयास पालक आल्यावर!

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. २०१० पासून उपलब्ध असलेल्या 'वॉल' प्रकारात ताज्या नोंदी प्रथम शेजारच्या वेगळ्या फाइलीत जातात व मागाहून मूळ फाइलीत उतरतात. केवळ मूळ फाइलीची नक्कल घेतल्यास ती अपुरी राहते, क्वचित बिघडतेही.

यास्तव चालू फाइल एकाच संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवावी. क्लाउडचा उपयोग राखीव प्रतीसाठी अवश्य करावा. मात्र ती प्रत डेटाबेसच्याच 'बॅकअप' आज्ञेने, अथवा २०१९ पासून मिळालेल्या 'व्हॅक्यूम इंटू' या आज्ञेने काढावी, नावात तारीख घालावी आणि मगच वर पाठवावी. जुन्या प्रती लगेच पुसू नयेत, कारण चूकही तितक्याच तत्परतेने वर पोहोचते. मुलांची माहिती असल्यास प्रत सांकेतिक करून परवलीचा शब्द निराळा जपावा. महिन्यातून एकदा प्रत उतरवून, उघडून, 'इंटेग्रिटी चेक' करून पाहावी.

अनेक ठिकाणांहून एकाच वेळी लिहिणे अपरिहार्य असेल, तर पोस्टग्रेससारखी सर्व्हरवरील पद्धती घेणे इष्ट.