वाड्याचा खांब नक्की काय काम करतो?

पुण्यात असाल, तर आजचा एपिसोड बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर उभं राहून ऐका. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा, १८०७ च्या सुमाराचा. वर ती कोरीव लाकडी गॅलरी दिसतेय ना? सगळे तिचा फोटो काढतात नि पुढे जातात. मला मात्र त्या नक्षीच्या मागे चाललेलं काम सांगायचंय.

पेशवाई वाड्याचं बरंचसं वजन लाकूड पेलतं. वरच्या मजल्याच्या फळ्या कड्यांवर, कड्या तुळईवर, तुळई खांबावर. मधल्या भिंती बऱ्याचदा नुसत्या भरावाच्या असतात. म्हणून तर जुन्या लोकांच्या तोंडी घराचं माप ‘खणां’त असतं. खण म्हणजे दोन खांबांमधली, दोन तुळयांमधली जागा.

आता खांबाच्या डोक्याशी बघा. दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखं जे लाकूड असतं, त्याला हस्त म्हणतात. त्यावर केळफूल कोरलेलं असतं, आणि आपल्याला वाटतं, वा, काय डिझाइन! पण या हस्तामुळे तुळईला आधाराशिवाय कापावं लागणारं अंतर कमी होतं, म्हणजे ती कमी वाकते. शिवाय भार एका टोकावर न येता पसरतो. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने भरपूर दाब सोसतं, आडवं मात्र लवकर चेपतं. तुळई तर आडवीच असते.

खाली तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड. माझ्या मते सगळ्या वाड्यात सगळ्यात हुशार वस्तू हीच! लाकडाचं कापलेलं टोक स्ट्रॉच्या जुडग्यासारखं पाणी वर ओढतं. दगडामुळे ते टोक ओल्या जमिनीपासून लांब राहतं.

गडबड होते ती नंतरच्या दुरुस्तीत. फरशीवर फरशी चढवत नेली की तळखडा गाडला जातो आणि खांबाचा पाय ओलीत येतो. वरून ऑइलपेंटचे चार हात! आतली ओल बाहेर पडत नाही, आणि बाहेरून खांब मस्त चकचकीत.

‘आमचं सागवान आहे, वाळवी लागणार नाही,’ हे तुम्हीही ऐकलं असेल. ते अर्धंच खरं. सागाचा आतला गडद भाग वाळवीला दाद देत नाही, बाहेरचा फिकट भाग मात्र ती आरामात खाते. आणि सतत ओल असेल, तर गडद भागाचंही काही खरं नाही.

तुमचं किंवा आजीचं घर असं असेल, तर पाऊस संपल्यावर दोन जागा तपासा: खांबाचा पाय आणि भिंतीत शिरणारं तुळईचं टोक. किल्लीने हळूच टोकरा. भुसभुशीत लागलं, पोकळ आवाज आला, तर रंगाऱ्याला नाही, जुन्या लाकूडकामाची माहिती असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन करा. आणि खांबाला कुणी हात लावायच्या आधी वरच्या तुळईला टेकू दिलाय ना, हे स्वतः जाऊन बघा.